बिनतारी नेट आणि मंदावलेला संगणक : घरच्या घरी निदान

या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा आमच्या मनात मराठी शाळांतील गणिताच्या अध्यापनाविषयी एखादा लेख होता. परंतु बोलता बोलता अभ्यासिकेतील संगणकांची गोष्ट निघाली आणि मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सर, शिक्षणावर सगळेच लिहितात. तुम्ही ती सेलची हकिगत लिहा. दहा घरांचे पैसे तरी वाचतील." हकिगत आमच्याच फजितीची आहे. तरीही ती सांगितल्यावाचून पुढचे सांगण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही, म्हणून प्रथम तीच सांगतो.

२०२४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. ट्रस्टच्या अभ्यासिकेत देणगीदारांनी दिलेले तीन जुने संगणक आहेत. त्यांपैकी दोन इतके मंद झाले होते की मुलांनी त्यांचा नाद सोडून दिला होता. राहिला एक. तोही सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवून अडून बसे, आणि 'एफ-वन' ही कळ दाबली म्हणजे पुढे जाई. मुलांना हे इतके अंगवळणी पडले होते की ती कळ दाबणे हा संगणक सुरू करण्याचाच एक भाग आहे, असे त्यांना वाटे. मग एके दिवशी त्याच्यावर संकेतस्थळे उघडेनाशी झाली. 'हे स्थळ सुरक्षित नाही' अशी सूचना येई आणि काम तिथेच थांबे.

वडगावात मागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी पी. यू. सी. च्या दुसऱ्या वर्षात होती. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता आणि मुदतीचे चार दिवस राहिले होते. वडिलांजवळ साधा फोन, त्यामुळे दाखले स्कॅन करून जोडण्यासाठी अभ्यासिकेतला संगणक हाच तिचा आधार. "सर, नेट चालत नाही," असे तिने सांगितले. आम्हीही मागचापुढचा विचार न करता तेच खरे मानले. राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून दाबली की सारे 'नव्यासारखे' होते, असे आम्ही कुठेसे ऐकले होते. आम्ही टाचणी घातली. सारे खरोखरच नव्यासारखे झाले, म्हणजे नेट पुरविणाऱ्या कंपनीने त्यात भरलेले नाव आणि पासवर्डही पुसले गेले. मूळचे नेट चांगले होते. ते आम्ही आमच्या हाताने घालविले.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याने पाच मिनिटांत राउटर पूर्ववत केला, तरी संकेतस्थळे उघडेनात. चहा घेता घेता त्याची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली आणि तो हसून म्हणाला, "सर, तुमच्याकडे अजून २०१२ सालच चाललंय होय?" तारीख दुरुस्त केली आणि सगळी स्थळे धडाधड उघडली. मुलीचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी साडेपाचला गेला. ती गेल्यावर आम्ही बराच वेळ त्या खोलीत बसून होतो.

झाले होते ते असे. संगणकाच्या आत नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते, आणि तो तीन व्होल्टचा असतो. वीज बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. अभ्यासिकेचा मेन स्विच रोज सायंकाळी बंद होतो, त्यामुळे सारी रात्र घड्याळाचा भार त्या सेलवरच पडे; कित्येक वर्षांनी तो संपला. मग दर सकाळी संगणकाला आपण कोणत्या सालात आहोत हे ठाऊक नसे. तो अडून बसून 'एफ-वन' मागे तो त्यासाठीच. नेटवरून वेळ आपोआप जुळते हे खरे. परंतु फरक वर्षांचा असला तर विंडोज तो आपल्या मनाने दुरुस्त करीत नाही. आता सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते, आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे नमूद असते. संगणक ती तारीख स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळात २०१२ साल असेल तर २०२४ चे प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेले नाही' असे ठरते आणि दार बंद होते. सुरू होण्यास लागणारा उशीर आणि न चालणारे नेट या दोन तक्रारींच्या मुळाशी पन्नासएक रुपयांचा एकच सेल होता. त्याच आठवड्यात कार्यकारिणीपुढे अधिक महागडी नेट-योजना घेण्याचा ठराव येणार होता, हेही सांगून टाकतो.

आमची चूक कोणती? खोलीत चार मुलांच्या खिशांत चार मोबाईल होते. त्यांतला एक जरी आम्ही त्या वायफायला जोडून पाहिला असता, तरी अर्ध्या मिनिटात कळले असते की नेट धडधाकट आहे आणि दुखणे एकट्या संगणकाचे आहे. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे ठरविण्यापूर्वी कशालाही हात लावावयाचा नाही, ही गोष्ट आम्ही त्या दिवशी शिकलो. म्हणून हे टप्पे आता क्रमाने पाहू.

नेटची वाट आपल्या नळाच्या पाण्यासारखी आहे. रस्त्यावरची मोठी वाहिनी ती कंपनीची तार. घरावरची टाकी तो राउटर. टाकीपासून मोरीपर्यंतचा मार्ग म्हणजे घरातली हवा. आणि शेवटची तोटी म्हणजे आपला संगणक अथवा मोबाईल. मोरीत पाणी आले नाही म्हणून कुणी एकदम नगरपालिकेला दोष देत नाही. आधी वर जाऊन टाकी पाहतो. नेटच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसे थेट कंपनीला फोन लावतात, नाही तर दुकानात जाऊन नवा राउटर घेऊन येतात.

टाकी पाहण्याची रीत अशी. मोबाईल घेऊन राउटरच्या खोलीत, चार-पाच हातांच्या अंतरावर उभे राहावे. मोबाईलचा स्वतःचा डेटा प्रथम बंद करावा. हे विसरले तर वायफाय बंद पडलेले असतानाही मोबाईल गुपचूप स्वतःच्या सिमकार्डावर चालतो आणि आपली परीक्षा व्यर्थ जाते. मग दोन-तीन निरनिराळी संकेतस्थळे उघडावी. ती झटकन उघडली तर बाहेरची तार आणि राउटर दोन्ही ठीक आहेत. आता तोच मोबाईल घेऊन जिथे तक्रार आहे त्या खोलीत जावे. तिथे गती मेली, तर दोष मधल्या हवेचा, म्हणजे भिंतींचा व अंतराचा. तिथेही मोबाईल चांगला चालला आणि संगणकच अडला, तर दोष संगणकाचा. राउटरजवळसुद्धा सारेच मंद असेल तर राउटर आणि संगणक यांच्यामध्ये तार जोडून पाहावी. तारेवरही मंदच असेल, तर मात्र कंपनीला खुशाल फोन करावा. एकच स्थळ उघडत नसेल व बाकीची उघडत असतील, तर ते स्थळच बंद पडलेले असण्याचा संभव अधिक. निकालाच्या दिवशी दुपारी दहावीच्या पालकांना याचा अनुभव येतोच.

राउटरवरचे दिवेही बोलके असतात. काचतंतूची तार ज्या डब्यात येते त्यावर 'एलओएस' असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही असे समजावे. त्यावर घरात काहीही उपाय नाही आणि टाचणी तर मुळीच नाही. एवढे मात्र पाहावे की आपल्याच घरात कपाट सरकविताना तार चेपली किंवा दुमडली तर नाही ना. काचेच्या तंतूला तीव्र वळण दिले की त्यातला प्रकाश वळणावरच गळून जातो.

ज्यांना अधिक नेमके जाणून घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी आहे. तीत 'पिंग' हा शब्द व पुढे एखादा क्रमांक लिहिला की संगणक त्या क्रमांकाला हाक मारतो आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला ते सांगतो. घरातल्या राउटरचा क्रमांक बहुधा १९२.१६८.१.१ अथवा १९२.१६८.०.१ असतो. राउटर चार-दोन सहस्रांश सेकंदांत उत्तर देत असेल तर हवेचा टप्पा निर्दोष. उत्तर कधी शंभर-दोनशे सहस्रांशांनी येते, कधी येतच नाही, असे असेल तर दोष घरातच आहे. राउटर नीट बोलतो, तर मग ८.८.८.८ या बाहेरच्या क्रमांकाला हाक मारावी. तिथूनही उत्तर येते, परंतु नावाने स्थळे उघडत नाहीत, असा प्रकार असेल तर 'डीएनएस' बिघडलेले आहे, म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणारी नेटची टेलिफोन डिरेक्टरी. आणि संगणकाने स्वतःचाच क्रमांक १६९.२५४ ने सुरू होणारा दाखविला, तर राउटरने त्याला क्रमांक दिलेलाच नाही. त्याने तो आपल्या मनाने घेतला आहे. अशा वेळी राउटरची वीज अर्धा मिनिट काढून पुन्हा द्यावी. वीज काढणे आणि टाचणी खुपसणे यांतला भेद आता वाचकांस वेगळा सांगावयास नको.

आमच्या पाहण्यात घरगुती तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा हवेच्या टप्प्याचा असतो, आणि बेळगावात तो तसा असण्यास कारणही आहे. शहापुरातली, गावातली जुनी घरे पाहा. दगडामातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, एकामागे एक खोल्या, मध्ये लोखंडी कपाटे. ही घरे उन्हाळ्यात थंड राहतात याचे आपण कौतुक करतो. परंतु ज्या भिंती ऊन अडवितात त्याच बिनतारी लहरींनाही दमवितात, आणि पावसाळ्यात भिंतीत ओल मुरली म्हणजे अधिकच, कारण पाणी या लहरी शोषून घेते. धातू तर त्यांना परतवूनच लावतो. लोखंडी कपाट, फ्रीज, आरसा (त्याच्या पाठीला धातूचा मुलामा असतो), पत्र्याचे छत, ही सारी आडकाठीच.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. मुलांचा हात लागू नये म्हणून आमच्या अम्मींनी राउटर पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवविला होता आणि त्याच्यावर क्रोशाचे सुबक झाकण घातले होते. कापडाने लहरी अडत नाहीत, परंतु उष्णता कोंडते. कपाटाने मात्र दोन्ही होते. मागच्या खोलीत मुलगा अभ्यासाला बसला की नेट रडत असे. आम्ही राउटर उचलून मधल्या बोळातल्या लाकडी फळीवर, माणसाच्या उंचीहून थोडा वर ठेवला. खर्च काही नाही, दोन खिळ्यांचा. मागची खोली त्याच दिवशी चालू लागली. अम्मींचे झाकण आता टेलिफोनच्या रिकाम्या जागेवर शोभते आहे.

राउटरच्या शिंगांबद्दलही गैरसमज फार. शिंग ज्या दिशेला रोखावे तिकडे लहरी जातात, अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुतः उलट आहे. मेदूवडा डोळ्यांपुढे आणावा. वड्याच्या भोकातून शिंग उभे आरपार गेले आहे अशी कल्पना केली तर वड्याचा जो आकार, तोच लहरींच्या प्रसाराचा आकार. चहूबाजूंनी भरपूर आणि शिंगाच्या टोकाकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणून एका मजल्याच्या घरात शिंगे सरळ उभी ठेवावी. माडीवरही नेट हवे असेल तर एखादे आडवे करावे.

आजच्या बहुतेक राउटरांना दोन सूर असतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिला भिंतींतून बरा जातो, पण त्याची गती कमी व गर्दी जास्त. दुसरा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हार खातो. राउटरच्या खोलीत बसणाराने दुसरा घ्यावा, मागच्या खोलीतल्याने पहिला. टिळकवाडीकडच्या मोठ्या इमारतींत जी तक्रार ऐकू येते ती भिंतींपेक्षा गर्दीची असते. २.४ च्या सुरात आपल्या देशात १ ते १३ असे मार्ग आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांस न भिडणारे म्हणावे तर १, ६ आणि ११ हे तीनच. चाळीस बिऱ्हाडांचे चाळीस राउटर या तीन मार्गांवर एकाच वेळी बोलू लागले म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीसारखी अवस्था होते. मायक्रोवेव्ह भट्टीही याच सुराजवळ, २.४५ गिगाहर्ट्झवर काम करते. रात्री आठला जेवण गरम करताना नेट अडखळते ते त्यामुळे. मोबाईलवर मिळणाऱ्या वायफाय-मापक ॲपने कोणता मार्ग मोकळा आहे ते दिसते आणि राउटरच्या मांडणीत तो निवडता येतो. त्याच ॲपात जोर उणे आकड्यांत दाखवितात. उणे ५० उत्तम, उणे ७० कामचलाऊ. फरक वीसचाच दिसतो, पण ही मोजपट्टी निराळी आहे. दर दहा आकड्यांनी जोर दशांश होतो, म्हणून उणे ७० म्हणजे उणे ५० चा शंभरावा हिस्सा.

इतके करूनही मागची खोली कोरडीच राहिली तर लोक 'रिपीटर' आणतात आणि त्याच कोरड्या खोलीत लावतात. जिथे पाणीच पोचत नाही तिथे पंप बसवून काय उपयोग? तो अर्ध्या वाटेवर, जिथे जोर अजून चांगला आहे तिथे लावावा. शिवाय स्वस्तातला एकसुरी रिपीटर एकाच सुरावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे त्याच्यापलीकडे गती साधारण निम्मी होते. आमचे मत विचाराल तर जुन्या घरात सरळ एक नेटची तार मागच्या खोलीपर्यंत ओढून घ्यावी. ती शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि तिला भिंतींचे भय नाही. दिसायला चांगली दिसत नाही, हा आक्षेप घरोघरी निघतो. तो ज्याने त्याने आपल्या घरी मिटवावा.

गतीच्या आकड्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण यावरून कंपन्यांशी निष्कारण भांडणे होतात. योजना '४० एमबीपीएस' ची म्हणतात त्यात 'बी' म्हणजे बिट. आपण फाइलींचा आकार मोजतो तो बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा ४० ला ८ ने भागावे. सेकंदाला ५ मेगाबाइट, हीच त्या योजनेची खरी कमाल. ७०० मेगाबाइटचे चित्रफीत-व्याख्यान उतरवून घेण्यास १४० सेकंद, म्हणजे दोन मिनिटे वीस सेकंद लागणारच. सातवीतल्या मुलाला हे उदाहरण घालावे.

आता दुसऱ्या दुखण्याकडे वळू. संगणक सुरू होण्यास वेळ लागणे आणि नेट मंद असणे, ही दोन दुखणी निराळी; पण घरोघरी त्यांची सरमिसळ होते. संगणक सुरू होऊन पडदा दिसला, तरी आत त्याची धावपळ पुढे कित्येक मिनिटे चालू असते. त्याच वेळी कुणी संकेतस्थळ उघडावयास गेले की ते रेंगाळते आणि दोष वायफायवर येतो.

ही धावपळ कसली, हे जुन्या हार्ड डिस्कच्या रचनेवरून कळते. तीत ग्रामोफोनच्या तबकडीसारखी तबकडी मिनिटाला ५४०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच सहस्रांश. आणि सुईला जागा बदलण्यास आणखी दहा-अकरा. एका ठिकाणची माहिती वाचण्यास सोळा-सतरा सहस्रांश गेले, म्हणजे सेकंदाला साठच ठिकाणे झाली. समजा, सुरू होताना संगणकास दहा हजार ठिकाणांहून बारीकसारीक तुकडे वाचावयाचे आहेत. दहा हजार भागिले साठ, म्हणजे १६६ सेकंद. पावणेतीन मिनिटे नुसत्या सुईच्या येरझाऱ्यांत गेली! एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. ती सेकंदाला असे हजारो तुकडे सहज वाचते. जुना संगणक मंद झाला म्हणजे त्याचा मेंदू म्हातारा झाला असे नव्हे. पुष्कळदा नुसती तबकडीच थकवीत असते.

परंतु डिस्क बदलण्यापूर्वी फुकटचे उपाय पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'स्टार्टअप' हे पान आहे. संगणक सुरू होताच आपल्याला न विचारता कोण कोण जागे होते त्याची ही यादी. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचे ॲप, कधी काळी एका सभेसाठी घेतलेले सभेचे ॲप, असे पाहुणे तिथे ठाण मांडून बसलेले आढळतात. ज्याचे नाव ओळखीचे आहे आणि ज्याची सुरुवातीलाच गरज नाही, त्याला 'डिसेबल' करावे. त्याने तो कार्यक्रम पुसला जात नाही. हाक मारली तरच येतो, एवढेच. जे नाव कळत नाही त्याला हात लावू नये. दोन विषाणुरोधक एकाच वेळी असतील तर एक काढून टाकावा. दोघे प्रत्येक फाइल दोनदा तपासतात. विंडोजबरोबर येणारा 'डिफेंडर' साध्या घराला पुरेसा आहे, असे आमचे मत आहे.

याच खिडकीतल्या दुसऱ्या पानावर डिस्क व मेमरी किती व्यापली आहे ते दिसते. सुरू झाल्यावर दहा मिनिटांनीही डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर तबकडीच अडथळा आहे असे धरावे. चार गिगाबाइट मेमरी आजच्या कामाला अपुरी पडते. ती भरली की संगणक उरलेले सामान डिस्कवर ठेवू लागतो आणि तबकडी अधिकच दमते.

आणखी एक बारकावा. विंडोजमध्ये २०१२ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे 'शट डाउन' केले तरी संगणक पुरता झोपत नाही. आपली काही अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलतो. म्हणजे कालची अडचण आजही कायम. म्हणून 'बंद करून चालू करा' असे कोणी सांगितले तर 'रिस्टार्ट' निवडावे. तेव्हाच तो खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो. आमच्या एका सहकारी बाई महिनाभर रोज संगणक बंद करून चालू करीत होत्या आणि छपाईयंत्र काही ओळखले जात नव्हते. एका रिस्टार्टने काम झाले.

डिस्कमधून टिकटिक असा आवाज येऊ लागला, फाइली उघडताना चुका दिसू लागल्या, तर मात्र गतीची चिंता सोडून प्रथम सामान बाहेर काढावे. मुलांचे दाखले, घरातल्या लग्नाची छायाचित्रे, वडिलांच्या पेन्शनचे कागद, हे सारे निराळ्या डिस्कवर, आणि शक्य तर आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवावे. नवी डिस्क दुकानात मिळते, जुनी छायाचित्रे मिळत नाहीत. चांगल्या चालत्या डिस्कच्याही प्रती असाव्यात हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. स्वतः मात्र एकदा चौकशीच्या उत्तरपत्रिकांचे गुण गमावल्यावरच पाळू लागलो.

जुन्या संगणकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे येत नाहीत. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारणतः २०१७ पूर्वीचे संगणक तिच्या अधिकृत यादीत बसत नाहीत. ते लगेच भंगारात घालण्याची आवश्यकता नाही. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली त्यांवर चालते. मराठी टंकलेखन, पत्रे, नेट, मुलांचे वाचन, सारे तिच्यावर होते. हिशेबाचे विशिष्ट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मात्र आधी विचारपूस करावी.

जाता जाता एक सावधगिरी. संगणक मंद आहे हे दुःख ओळखून पैसे काढणारे लोकही आहेत. 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर पडद्यावर आला तर फोन करू नये, आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्यास आपला पडदा हाताळू देणारे ॲप तर कदापि घेऊ नये. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. वायफायचा पासवर्डही घरमालकाचे नाव किंवा '१२३४५६७८' असा नसावा. शेजारधर्म म्हणून तो देणे निराळे आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक असणे निराळे. तक्रार मंदगतीची असते आणि कारण समोरच्या कट्ट्यावर बसलेले असते.

अभ्यासिकेतल्या उरलेल्या दोन संगणकांचे पुढे काय झाले, हे विश्वस्तांना ठाऊक आहे, सभासदांसाठी लिहितो. महागड्या नेट-योजनेचा ठराव मागे घेतला गेला. त्यात वाचलेल्या पैशांतून दोघांना एसएसडी बसविल्या आणि एकाची मेमरी वाढविली. खर्च एका नव्या संगणकाच्या किमतीहून पुष्कळच कमी आला. पूर्वी पडदा हाताशी येईपर्यंत एक मूल पाण्याला जाऊन येई. आता खुर्ची ओढेपर्यंत संगणक तयार असतो. राउटर खिडकीखालच्या लोखंडी पेटीतून काढून मधल्या खांबावर लावला आहे. त्या टाचणीच्या छिद्रावर आम्ही चिकटपट्टी लावली असून, तिच्यावर कंपनीने दिलेले नाव कोणत्या वहीत लिहिले आहे ते नमूद केले आहे. तिन्ही संगणकांचे सेल कधी बदलले त्या तारखा पेट्यांच्या बाजूला आहेत.

ती विद्यार्थिनी आता पदवीच्या वर्गात आहे. सुट्टीत येते तेव्हा लहान मुलांना संगणकावर बसविते. परवा एक मुलगा तक्रार घेऊन आला, "ताई, नेट चालेना." तिने त्याला आधी खाली कोपऱ्यातली तारीख वाचावयास लावली. तारीख बरोबर होती. तेव्हा तिने आमच्याकडे मोबाईल मागितला, त्याचा डेटा बंद केला आणि राउटरजवळ जाऊन उभी राहिली.